यंत्रास हिशेब विचारतांना

पूर्वीं पेढीवर रोजकीर्द लिहिली जाई, तिजवरून खतावणी होई, आणि शेवटीं सर्वांचा सारांश म्हणून तेरीज काढीत. आज कचेरींतील संगणकाच्या पडद्यावर जो 'डॅशबोर्ड' दिसतो, तो या तेरजेचाच नवा अवतार होय. विशेष इतकाच, कीं आतां त्या तेरजेस आपल्या भाषेंत प्रश्नही विचारतां येतो.

इ. स. १९७० मध्यें एडगर कॉड यांनीं माहिती परस्परसंबद्ध कोष्टकांत ठेवण्याची पद्धति मांडली. १९७४ मध्यें चेंबरलिन व बॉइस यांनीं त्या कोष्टकांस प्रश्न विचारण्याची भाषा प्रसिद्ध केली. तीच पुढें एसक्यूएल या नांवानें रूढ झाली. ती ज्यास येई, त्यासच उत्तर मिळे. आतां कृत्रिम बुद्धीचा साहाय्यक आपला साधा प्रश्न त्या भाषेंत उतरवून देतो. त्यामुळें हिशेब समजणें ही एका कर्त्या पुरुषाची मिरास राहिली नाहीं. घरांतील लेकीसुनाही व्यापाराची प्रकृति स्वतः पाहूं शकतात. हा लाभ आम्ही थोर समजतों.

परंतु 'गेल्या वर्षीं विक्री किती झाली?' या प्रश्नांत वर्ष जानेवारीपासूनचें कीं एप्रिलपासूनचें? जीएसटी धरावयाचा कीं वगळावयाचा? परत आलेला माल वजा केला काय? जाणता कारकून येथें थांबून विचारील. यंत्र मात्र पुष्कळदां कोणता तरी एक अर्थ गृहीत धरून ठाम उत्तर देतें.

समजा, एका कुटुंबाचीं दोन दुकानें आहेत. एकाची विक्री १ लाखाची व नफा तिच्या शेंकडा २०. दुसऱ्याची विक्री ९ लाखांची व नफा शेंकडा ५. 'सरासरी नफा किती?' असें विचारतां २० व ५ यांचा मध्य काढून शेंकडा १२॥ असें उत्तर येऊं शकतें. वस्तुतः नफा २० हजार व ४५ हजार मिळून ६५ हजार, म्हणजे १० लाखांवर शेंकडा ६॥ च! पहिल्या उत्तरावर विसंबून गिऱ्हाइकांस सरसकट शेंकडा ८ सूट दिली, आणि विक्री वाढली नाहीं, तर दोन्ही दुकानें मिळून तोट्यांत जातील.

म्हणून वाचकांस आमची सूचना अशी: प्रश्नांत काल व व्याख्या स्पष्ट सांगावी, उत्तर कोणत्या कोष्टकांतून व कोणत्या रीतीनें काढलें, तें यंत्रास दाखवावयास लावावें, आणि ज्याचें उत्तर आपणांस पक्कें ठाऊक आहे, असा एक प्रश्न आरंभीं विचारून त्याची परीक्षा घ्यावी. गिऱ्हाइकांचीं नांवें व उधारी बाहेरच्या यंत्राच्या हवालीं करण्यापूर्वीं तर दोनदां विचार करावा. ती माहिती त्यांनीं आपल्या विश्वासावर दिलेली असते.

हिशेब यंत्रानें खुशाल करावा. त्यावर सही मात्र घरच्या माणसांनीं समजून घेऊनच करावी.