हट्टी अणूंना रेणूंचे वाहन

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील पेलेट्रॉन त्वरकात आपण स्थिर अणूंच्या आयनांचे झोत वापरतो. अल्पायुषी किरणोत्सारी अणू मात्र आधी निर्माण करून, ते नष्ट होण्यापूर्वीच बाहेर काढावे लागतात. जिनिव्हाजवळ सर्नच्या 'आयसोल्डे' केंद्रात युरेनियम कार्बाइडवर प्रोटॉनांचा मारा करून असे अणू मिळवतात. लक्ष्य सुमारे २००० अंश सेल्सिअसला तापवले, तरी हॅफ्नियमसारखे अणू आतच चिकटून राहतात. फ्लोरिनयुक्त वायू सोडला, की त्यांचे बाष्पनशील फ्लोराइड रेणू बनून बाहेर पडतात. त्यांचे आयन करून विद्युतक्षेत्राने वेग देतात व चुंबकाने वस्तुमानानुसार वेगळे करतात. याच पद्धतीने मिळालेल्या रेडियम मोनोफ्लोराइडचा लेसर वर्णपट २०२० साली प्रसिद्ध झाला. रेडियमची काही अणुकेंद्रके नासपतीच्या आकाराची असतात. विश्वात प्रतिद्रव्यापेक्षा द्रव्य अधिक का, याचा धागा आपल्याला अशा रेणूंतच सापडू शकेल.