कुत्र्याच्या नाकातला कूलर

उन्हाळ्याच्या दुपारी सावलीत बसलेला कुत्रा तुम्ही पाहिलाच असेल. तोंड उघडे, जीभ बाहेर लोंबत असलेली आणि छाती भात्यासारखी भराभर हलत असलेली. 'दमला बिचारा!' असे म्हणून आपण पुढे जातो. पण तो काही धावून आलेला नसतो. तासभर एकाच जागी पडून असतो. मग त्याला धाप का लागावी?

आमचे घर कारधा येथे आहे. भंडारा शहरासमोर, वैनगंगेच्या पलीकडच्या तीरावरचे हे गाव. पावसाळ्यात पुराच्या बातम्यांत 'कारधा येथील पाणीपातळी' असे शब्द येतात, तेच हे कारधा. घरात शेरू आणि मोती हे दोन कुत्रे आहेत. दोघेही महाखोडकर! चपला पळवणे, एकमेकांचे कान धरून कुस्ती खेळणे, फाटकाशी कोणी आले की घर डोक्यावर घेणे, हा त्यांचा रोजचा कार्यक्रम. मात्र मे महिना लागला, पारा ४५ अंश सेल्सिअसच्या घरात गेला, की त्यांचे वेळापत्रक बदलते. सगळा धुमाकूळ पहाटे आटोपतो. ऊन चढले की मोती माठाखालची ओली माती उकरून त्या खड्ड्यात पोट टेकतो, तर शेरू छपरीतल्या फरशीवर चारी पाय पसरून पडतो. पोटावर केस विरळ असतात. त्यामुळे तेथून अंगातील उष्णता वहनाने थंड जमिनीत लवकर जाते. हे त्यांना कोणी शिकवलेले नाही! पण जमीनही तापली, की हा उपाय संपतो. मग जीभ बाहेर येते.

घाम कुठे गेला?

आपल्या सर्वांगाला घाम येतो. त्याची वाफ होताना ती त्वचेतून उष्णता घेते. या उष्णतेला आपण अप्रकट उष्मा म्हणतो. शरीराच्या तापमानाला १ ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते.

कुत्र्याच्या अंगावर केसांचे दाट पांघरूण असते. त्याला असा घाम येतो तो मुख्यतः पंजांच्या तळव्यांना. तेवढ्याने काय होणार? शिवाय कुत्र्याचे तापमान सुमारे ३८.५ ते ३९ अंश असते. हवा ४५ अंशांची असली, तर उष्णता शरीरातून हवेत जाण्याऐवजी हवेतून शरीरात शिरते. अशा वेळी सुटकेचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे बाष्पीभवन.

थोडे गणित करू. कुत्र्याचे वजन १५ किलोग्रॅम आणि शरीराची विशिष्ट उष्णता ०.८३ धरा. त्याचे तापमान १ अंशाने उतरवायला १५,००० × ०.८३, म्हणजे सुमारे १२,४५० कॅलरी काढून घ्याव्या लागतील. त्यासाठी किती पाण्याची वाफ व्हावी लागेल? १२,४५० ला ५८० ने भागा. उत्तर येते सुमारे २१ ग्रॅम! दीड मोठा चमचा पाणी एवढे काम करते. मात्र हे पाणी नुसते सांडून उपयोग नाही, त्याची वाफच व्हायला हवी.

ताट्या, पंप आणि पंखा

विदर्भातल्या मुलांना कूलर काय ते सांगायला नको. पंप पाणी चढवतो, ताट्या भिजतात, पंखा त्यांतून हवा खेचतो आणि बाष्पीभवनामुळे हवा गार होते. कुत्र्याच्या डोक्यात हीच रचना आहे.

१९७० मध्ये श्मिट-नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की धापा टाकताना कुत्रा हवा मुख्यतः नाकाने आत घेतो आणि बरीचशी तोंडावाटे बाहेर सोडतो. नाकाच्या आत पातळ, वळ्यावळ्यांची ओलसर अस्तरे असतात. याच त्याच्या ताट्या. त्या ओल्या ठेवण्यासाठी नाकात एक विशेष ग्रंथी असते. हा झाला पंप. छाती हा पंखा. आणि बाहेर लोंबणारी ओली जीभ ही जादा ताटीच! या पृष्ठभागांखालून वाहणारे रक्त थंड होऊन शरीरात परतते.

आता कोणी चतुर विद्यार्थी विचारील, 'पण सर, एवढ्या जोराने श्वास घ्यायचा तर स्नायूंना काम पडणार. त्यातून नवी उष्णता निर्माण होणार. मग फायदा कसला?' शंका अगदी रास्त आहे. तिचे उत्तर झोपाळ्याशी आहे. झोपाळ्याला त्याच्या स्वाभाविक लयीत हलकेच धक्का दिला, तर थोड्या श्रमात तो उंच जातो. यालाच अनुस्पंदन म्हणतात. कुत्र्याची छाती आणि फुप्फुसे लवचीक असल्यामुळे त्यांचीही एक स्वाभाविक कंप्रता असते. क्रॉफर्ड यांनी १९६२ मध्ये ती मोजली. ती सेकंदाला ५ च्या थोडी वर आली आणि कुत्रा धापाही जवळजवळ त्याच वेगाने टाकतो! म्हणून तो मिनिटाला ३०० हून अधिक श्वास घेतो, तरी स्नायूंना फारसे श्रम पडत नाहीत.

आषाढात काय होते?

मे महिन्यात गारेगार हवा देणारा कूलर जुलैत निरुपयोगी ठरतो, हा तुमचा अनुभव असेल. कुत्र्याचेही तसेच होते. ३८ अंशांची, बाष्पाने संपृक्त झालेली एक घनमीटर हवा सुमारे ४६ ग्रॅम बाष्प बाळगते. मे महिन्यातील ४५ अंशांच्या कोरड्या हवेत, सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल तर, सुमारे १० ग्रॅम बाष्प असते. म्हणजे ती हवा कुत्र्याच्या नाकातोंडातून जाताना आणखी ३६ ग्रॅम उचलू शकते. जुलैत हवा ३२ अंशांची आणि आर्द्रता ८५ टक्के असली, तर हवेत आधीच २९ ग्रॅम बाष्प असते. जागा उरली फक्त १७ ग्रॅमची! धापा तेवढ्याच, पण काम निम्म्याहूनही कमी. म्हणून पाऊस उघडल्यावरच्या दमट दुपारी कुत्र्याला फार पळवू नये, मग पारा कितीही खाली असो.

पावसात भिजल्यावर मात्र त्याला हेच बाष्पीभवन नको असते. धानाच्या बांधीत लोळून आलेला शेरू नेमका आपल्याशेजारी येऊन अंग झाडतो, तो काही खोडी म्हणून नव्हे! केसांत अर्धा लिटर पाणी राहिले, तर ते वाळवायला सुमारे २९० किलोकॅलरी लागतील आणि त्यांतील बराच भार अंगातल्या उष्णतेवर पडेल. ताटलीभर भाताची ऊर्जा त्यात खर्ची पडायची. त्यापेक्षा पाणी झाडून टाकणे स्वस्त. डिकरसन, हू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मोजले, की कुत्रा सेकंदाला सुमारे ४ ते ५ वेळा अंग झाडतो, तर उंदीर सुमारे ३० वेळा. शरीराची त्रिज्या लहान असेल, तर थेंब उडवण्यासाठी वेग वाढवावा लागतो.

करून पाहा

आपल्या कुत्र्याचे श्वास मोजणे अवघड वाटते ना? एक युक्ती सांगतो. कागद-पेन्सिल घ्या. एकाला घड्याळ धरायला सांगा. कुत्र्याच्या प्रत्येक धापेबरोबर कागदावर एक ठिपका द्या आणि हात थोडा पुढे सरकवत राहा. १० सेकंदांनी थांबून ठिपके मोजा आणि ६ ने गुणा. मे आणि जुलै अशा दोन्ही महिन्यांत मोजा. शेजारी दोन तापमापके टांगा, एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा. दोहोंच्या तापमानांत फरक जितका जास्त, तितका कुत्र्याचा कूलर चांगला चालणार. हा प्रयोग फक्त ओळखीच्या कुत्र्यावर आणि लांबूनच करा.

एवढे विसरू नका

भुंकू नये म्हणून काही लोक कुत्र्याचे तोंड दोरीने बांधतात. आता तुम्हीच सांगा, हे म्हणजे भर उन्हाळ्यात कूलरची खिडकी बंद करणेच नव्हे काय? बंद खोलीत किंवा उभ्या मोटारीत कोंडणेही तितकेच घातक. तेथील हवा तापत जाते आणि श्वासांच्या बाष्पाने दमटही होते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांच्या ताट्याच अपुऱ्या असतात, त्यांना तर अधिक जपावे. शरीराचे तापमान ४१ अंशांच्या वर गेले, की जिवाला धोका असतो.

कुत्रा लटपटू लागला, हिरड्या लालभडक झाल्या किंवा तो कोसळला, तर त्याला लगेच सावलीत न्या. अंगावर साधे पाणी ओता, पंखा लावा आणि विनाविलंब पशुवैद्याकडे घेऊन जा. ओले पोते मात्र अंगावर गुंडाळून ठेवू नका. त्याखाली कोंडलेली हवा लवकरच बाष्पाने भरते आणि बाष्पीभवन थांबते. फिरायला नेण्यापूर्वी डांबरी रस्त्यावर आपल्या हाताची पालथी बाजू ७ सेकंद टेकून पाहा. तुम्हाला सोसत नसेल, तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही.

आणि दारात, सावलीला, पाण्याने भरलेला मातीचा परळ ठेवा. आपला कुत्रा असो वा गल्लीतला, त्याच्या कूलरला लागणारे पाणी त्याला स्वतः भरून आणता येत नाही.