रुळांपाशी उतरणारा माणूस

दसऱ्यानंतर अकोटच्या बाजारात कापसाची आवक वाढू लागली, की जिनिंग-प्रेसिंगच्या आवारापासून अकोल्याच्या रस्त्यापर्यंत मालट्रकांची जी रीघ लागते, तिच्यातील प्रत्येक चालकाच्या मनात एकच हिशेब चाललेला असतो : आजची खेप केव्हा उतरेल आणि उद्याच्या खेपेस केव्हा निघता येईल. या हिशेबात रेल्वेचे बंद फाटक हा निव्वळ खोळंबा ठरतो. आणि वऱ्हाडी माणसाच्या मनात रेल्वेची जी जुनी प्रतिमा आहे, ती या उतावळेपणाला नकळत पाठबळ देते. पिढ्यान्‌पिढ्या आपण पाहिली ती गाडी संथ होती. मुर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी शकुंतला काय, किंवा अकोटावरून खांडव्याकडे निघून धुळघाटाचा वळसा घेत सातपुडा चढणारी मीटरगेजची गाडी काय, दोघींचीही शिटी कानी आल्यावर बैलगाडी सावकाश रूळ ओलांडून जाई आणि त्यात कोणास वावगे वाटत नसे. ती मीटरगेज २०१७च्या जानेवारीत बंद झाली आणि २३ नोव्हेंबर २०२२ रोजी अकोला-अकोट हा सुमारे ४४ किलोमीटरांचा मार्ग ब्रॉडगेज होऊन पुन्हा सुरू झाला. डोळ्यांना जडलेला जुना अंदाज मात्र इतक्या लवकर बदलत नाही. त्यात प्रचंड आकाराची वस्तू समोरून येत असली, म्हणजे तिचा वेग आहे त्याहून कमी भासतो, हा दृष्टिभ्रम सर्वांनाच होतो.

ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीस तातडीचा ब्रेक लावला, तरी ती थांबेपर्यंत सुमारे एक किलोमीटर अंतर सहज कापले जाते; कारण लोखंडी चाकाची लोखंडी रुळावरील पकड डांबरी रस्त्यावरील रबरी चाकाच्या मानाने फारच अल्प असते आणि मागे शेकडो, मालगाडी असल्यास हजारो टनांचा रेटा असतो. रुळांत उभा राहिलेला ट्रक इंजिनचालकास दिसतो, तेव्हा ब्रेक लावणे आणि शिटी वाजवणे यांपलीकडे त्याच्या हाती काहीच उरत नाही. बाजूला वळण्याची मुभा रेल्वेगाडीस नाही. म्हणूनच जगभरच्या कायद्यांनी थांबण्याचे दायित्व रस्त्यावरील वाहनावर टाकलेले आहे.

१४ मार्च २०२५ रोजी पहाटे जळगाव जिल्ह्यातील बोदवडजवळ जे घडले, ते अमरावती-अकोल्याच्या प्रवाशांनी विसरू नये, कारण ती गाडी त्यांचीच होती. उड्डाणपूल झाल्यामुळे वापरातून बाद झालेल्या एका फाटकाचा अडथळा तोडून धान्याने भरलेला ट्रक रुळांवर आला आणि मुंबईहून अमरावतीस निघालेली एक्सप्रेस त्यावर आदळली. एकाही प्रवाशास इजा झाली नाही, हे दैव बलवत्तर म्हणायचे. कान्हनजवळ ३ फेब्रुवारी २००५ रोजी दैव तसे नव्हते. तेथे रखवालदार नसलेल्या फाटकावर लग्नाच्या वऱ्हाडी मंडळींनी भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली रेल्वेखाली सापडली आणि पन्नासांहून अधिक माणसे प्राणांस मुकली.

मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम १३१ मला या साऱ्या विषयाचे मर्म वाटते. रखवालदार नसलेल्या फाटकापाशी वाहन थांबवावे. कंडक्टर, क्लीनर किंवा जो कोणी सोबती असेल त्याने खाली उतरून रुळांपर्यंत चालत जावे, दोन्ही दिशांनी गाडी येत नाही याची खात्री करावी आणि मग पुढे राहून वाहन पलीकडे न्यावे. सोबती नसेल, तर चालकाने स्वतः उतरावे, अशी ही आज्ञा आहे. यंत्राचा वेग माणसाच्या पावलांवर आणून ठेवणारी इतकी साधी तजवीज दुसरी क्वचितच आढळेल. देशातील ब्रॉडगेज मार्गांवरील रखवालदार नसलेली फाटके २०१९च्या जानेवारीअखेर संपुष्टात आली, तेव्हा हे कलम आता केवळ दप्तरात उरले, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. पुष्कळ मालकांनी पगार वाचवण्यासाठी क्लीनर ठेवणेच सोडले असून रात्रभर जागलेला चालक एकटाच फाटकापाशी पोहोचतो. अशा वेळी क्षणभर थांबून विचार करण्यास भाग पाडणारा दुसरा माणूस ट्रकमध्ये नसतो. रेल्वे कायदा, १९८९ याच्या कलम १६० प्रमाणे बंद फाटक परस्पर उघडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत आणि ते तोडणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली आहे. शिक्षा चालकास होते. ‘काहीही कर, पण सकाळी माल पोहोचव’ असे फोनवर बजावणाऱ्या इसमाचे नाव मात्र फिर्यादीत सहसा येत नाही.

फाटकावरील गेटमन हा तर दोन्ही बाजूंच्या रोषाचा धनी. फाटक उघडणे-लावणे हे त्याच्या मर्जीवर आहे, अशी ट्रकवाल्यांची समजूत असते. वस्तुतः सिग्नलशी जोडलेल्या फाटकाची रचना अशी असते की, ते लागून कुलूपबंद झाल्याखेरीज गाडीला हिरवा सिग्नल मिळत नाही, आणि एकदा सिग्नल दिल्यावर गेटमनलाही ते मनास येईल तेव्हा उघडता येत नाही. फाटकात ट्रक बंद पडला, तर लाल झेंडा किंवा लाल बत्ती दाखवत त्याने रुळांवरून धावत जावे, ६०० मीटरांवर एक आणि १,२०० मीटरांवर दहा-दहा मीटरांच्या अंतराने तीन फटाके रुळावर बसवावे, अशी शिस्त आहे. त्यांवरून चाक गेले की होणाऱ्या आवाजाने इंजिनचालक सावध होतो. तेवढे अंतर धावण्यास किती मिनिटे लागतील, याचा विचार ट्रकचालकाने करावा आणि वाहन अडकताच प्रथम माणसे उतरवून गेटमनला हाक द्यावी. गठाणी वाचवण्याच्या नादात मिनिटे दवडू नयेत.

डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२मध्येच सर्व समपातळीवरील फाटके पाच वर्षांत नाहीशी करण्याची शिफारस केली होती. पुष्कळ ठिकाणी फाटकांच्या जागी भुयारी मार्ग झाले. परंतु वऱ्हाडच्या काळ्या चिकण मातीत पावसाळ्यात पाण्याचा निचरा होत नाही, आणि बोगद्यात कमरेइतके पाणी साचले की लोक पुन्हा रुळांवरूनच वाट काढू लागतात. निचऱ्याची ही हयगय ज्या खात्याकडून होते, त्याचा दोष रूळ ओलांडणाऱ्या शेतकऱ्याच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे.

एक गोष्ट अकोटास आपल्या अखत्यारीत करता येण्याजोगी आहे. विद्युतीकरण झालेल्या मार्गावरील तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो, म्हणून फाटकाच्या अलीकडे ४.६७ मीटर उंचीवर आडवी कमान असते. साध्या मालट्रकला कायद्याने साधारण चार मीटर उंचीची मुभा असल्यामुळे, ज्याचा कापूस त्या कमानीस अडतो त्याने नियम आधीच मोडलेला असतो. परंतु हे त्याला रुळांपाशी कळते, जेथे मागे वाहनांची रांग असते आणि वळवायला जागा नसते. बाजार समितीने मर्यादेच्या उंचीची एक कमान आपल्याच दाराशी उभारावी. वरचा थर उतरवून दोर पुन्हा आवळायला तेथे जागाही आहे आणि हमालही आहेत.