ज्ञानदानाची दुसरी बाजू : शिक्षणशास्त्राची पदवी

बारावीचा निकाल लागला की व्यापारी घरांतील चर्चा ठरलेल्या वाटेने जाते. सी.ए., बी.बी.ए., अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र. आणि यांपैकी काही न जमल्यास घरची पेढी आहेच. या यादीत शिक्षणशास्त्राचे नाव क्वचित येते. आलेच तर मुलीच्या संदर्भात, आणि तेही ‘लग्न ठरेपर्यंत बी.एड. करून ठेवू दे’ अशा शब्दांत. ज्या समाजाने गावोगावी शाळा, वसतिगृहे, पाठशाळा आणि ग्रंथालये उभारण्यासाठी सढळ हाताने द्रव्य दिले आणि चतुर्विध दानांत ज्ञानदानाला मानाचे स्थान दिले, त्याच समाजात मूल कसे शिकते याचा पद्धतशीर अभ्यास दुय्यम मानला जातो. ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

आधी शिक्षक, मग शाळा

या प्रश्नाचे उत्तर एका फिरत्या विक्रेत्याने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. कुंभोज येथील जैन कुटुंबात १८८७ मध्ये जन्मलेले भाऊराव पाटील हे रयतेचे ‘कर्मवीर’ होण्यापूर्वी ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडले. खेड्यातील मुलांची शिक्षणाविना होणारी परवड त्यांनी या फिरतीत पाहिली. १९१९ मध्ये कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही हकीगत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे.

त्या मानाने संस्थेच्या वाटचालीतील एक क्रम फारसा लक्षात घेतला जात नाही. रयतेचे पहिले माध्यमिक विद्यालय साताऱ्यात १९४० मध्ये सुरू झाले. परंतु प्राथमिक शिक्षक घडविणारे अध्यापन विद्यालय त्याआधी पाच वर्षे, म्हणजे १९३५ मध्येच उभे राहिले होते. पुढे १९५५ मध्ये पदवीधर शिक्षकांसाठी आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशनही निघाले. व्यापाराच्या भाषेत सांगायचे तर दुकानाची पाटी लावण्याआधी माल पारखणारा माणूस तयार करण्याची ही दृष्टी होती.

या पदवीत शिकतात तरी काय?

शिक्षणशास्त्र म्हणजे फळ्यावर लिहिण्याचा सराव आणि पाठाची टाचणे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात हा अभ्यास तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि इतिहास अशा चार खांबांवर उभा असतो.

मानसशास्त्राच्या तासाला झ्यां पियाजे यांचा एक साधा प्रयोग हमखास शिकविला जातो. दोन सारख्या पेल्यांत समान पाणी असते. मुलादेखत एका पेल्यातील पाणी उंच व निमुळत्या पेल्यात ओतले की पाच वर्षांचे मूल बहुधा सांगते, ‘यात जास्त पाणी आहे’. सातव्या-आठव्या वर्षी तेच मूल हसून म्हणते, ‘पाणी तेवढेच आहे’. पाच वर्षांच्या मुलाला दटावून हे ज्ञान देता येत नाही. त्याच्या विचाराची घडणच वेगळी असते. हे एकदा उमगले की बालवर्गातील मुलाकडून पाढे घोकून घेण्याचा अट्टहास कमी होतो. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगॉट्स्की यांनी त्यापुढचा प्रश्न विचारला : मूल एकट्याने काय करू शकते आणि जाणत्याच्या मदतीने कुठवर पोहोचू शकते? या दोहोंमधील अंतर ओळखून तेथे हात देणे, हेच शिक्षकाचे काम.

इतिहासाच्या तासाला जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडलेले निवेदन अभ्यासावे लागते. सरकारचा महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर होतो, असा रोखठोक हिशेब त्यात मांडलेला आहे. १९३७ च्या वर्धा परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेली हस्तव्यवसायाधारित ‘नयी तालीम’, वकिली सोडून भावनगरच्या बालमंदिरात रमलेले गिजुभाई बधेका आणि त्यांच्यासोबत काम करून पुढे बोर्डीच्या आदिवासी परिसरात अंगणवाडीची कल्पना रुजविणाऱ्या ताराबाई मोडक, ही सारी परंपरा विद्यार्थ्याच्या परिचयाची होते.

गल्ल्यावरचे गणित आणि वहीतले गणित

व्यापारी कुटुंबांना विशेष जवळचे वाटावे असे एक संशोधन या अभ्यासात येते. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ, फळे इत्यादी विकणाऱ्या नऊ ते पंधरा वर्षांच्या पाच मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधक आधी गिऱ्हाईक बनून त्यांच्याकडे गेले. ‘दहा नारळांचे किती? मोड किती परत देशील?’ अशा त्रेसष्ट प्रश्नांपैकी सुमारे ९८ टक्के प्रश्नांची उत्तरे मुलांनी तोंडी व बिनचूक दिली. नंतर त्याच संख्या कागदावर निव्वळ उदाहरणे म्हणून मांडल्या, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांवर आले. एका मुलाने दहा नारळांची किंमत काढताना शून्य जोडण्याची शाळेतील रीत वापरलीच नाही. तीन नारळांची किंमत त्याला पाठ होती, ती पुन्हा पुन्हा मिळवून तो अचूक उत्तरापर्यंत पोहोचला.

अलीकडे, २०२५ मध्ये, नोबेल पारितोषिक विजेते अभिजित बॅनर्जी व एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत हीच गोष्ट तपासली. बाजारात काम करणारी मुले गुंतागुंतीचे व्यवहार मनातल्या मनात सोडवीत, पण शाळेच्या पद्धतीची उदाहरणे त्यांना अवघड जात. उलट, केवळ शाळेत शिकणारी मुले वहीत पारंगत असून बाजारातील हिशेबात अडखळत.

सुट्टीत गल्ल्यावर बसून सूट, वजन आणि मोड यांचा हिशेब चटकन करणारा मुलगा गणितात नापास होतो, हा अनुभव अनेक घरांत येतो. मग त्याच्यावर ‘आळशी’ किंवा ‘मंद’ असा शिक्का बसतो आणि आणखी एक शिकवणी लावली जाते. शिक्षणशास्त्र शिकलेली व्यक्ती अशा वेळी वेगळा प्रश्न विचारते : हा मनात नेमके कसे मोजतो? त्या मोजण्यापासून वहीतल्या रीतीपर्यंत पूल बांधणे हे तिचे कौशल्य. एका मुलाचा आत्मविश्वास त्याने वाचू शकतो.

कोणत्या पदवीने कोणते दार उघडते

या क्षेत्रात नावे सारखी आणि परिणाम भिन्न असतात. म्हणून प्रवेशापूर्वी कागद नीट वाचावेत.

केवळ ‘शिक्षणशास्त्र’ हा मुख्य विषय घेऊन बी.ए. केल्याने शाळेत शिकविण्याची पात्रता मिळत नाही. त्यासाठी पुढे बी.एड. करावे लागते. पाल्यांना ब्रिटनला पाठविणाऱ्या कुटुंबांनीही हे ध्यानी घ्यावे. तेथील ‘एज्युकेशन स्टडीज’ची पदवी सहसा शिक्षकाची अधिकृत पात्रता देत नाही, ती मिळविण्यासाठी पदवीनंतरचे स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागते.

भारतात सध्याची महत्त्वाची वाट म्हणजे बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, ‘आयटेप’. यात बी.ए., बी.एस्सी. किंवा बी.कॉम. यांसोबतच बी.एड. पूर्ण होते. तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचे बी.एड. या पाच वर्षांच्या मार्गापेक्षा एक वर्ष वाचते. वाणिज्य शाखेकडे ओढा असलेल्या कुटुंबांना बी.कॉम.-बी.एड.चा पर्याय ठाऊक असावा. प्रवेश राष्ट्रीय सामाईक परीक्षेतून होतो आणि ती मराठीतूनही देता येते. २०३० पर्यंत शिक्षकासाठी चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच किमान पात्रता व्हावी, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटले आहे.

दुसरी खबरदारी इयत्तेची. बी.एड. झालेल्या उमेदवारास पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी पात्र मानता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिला. लहान मुलांना शिकविण्याची आवड असणाऱ्याने दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका किंवा त्या टप्प्यासाठीचा एकात्मिक अभ्यासक्रम निवडावा. पहिली ते आठवीसाठी शिक्षक पात्रता परीक्षाही उत्तीर्ण व्हावे लागते. दीडशे गुणांच्या या परीक्षेत खुल्या प्रवर्गाला ९० गुण आवश्यक असतात. महाविद्यालयाला राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेची मान्यता आहे की नाही, हे शुल्क भरण्यापूर्वी पाहावे.

जमाखर्च

‘पगार किती?’ हा वडीलधाऱ्यांचा प्रश्न गैर नाही. अनुदानित जागा मोजक्या आहेत, भरतीची प्रतीक्षा लांबते आणि अनेक खासगी शाळांतील वेतन अपेक्षेपेक्षा कमी असते. हे लपवून कोणी या वाटेला मूल पाठवू नये. मात्र जमेची बाजूही पूर्ण लिहावी. पाठ्यपुस्तक निर्मिती, विशेष मुलांचे शिक्षण, मूल्यमापन, शैक्षणिक संशोधन आणि शाळांचे व्यवस्थापन ही सारी क्षेत्रे या पदवीधरांना खुली आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्था किंवा अझीम प्रेमजी विद्यापीठ यांसारख्या ठिकाणी पुढे एम.ए. करता येते.

अनेक कुटुंबे स्वतः शाळा चालविणाऱ्या न्यासांवर आहेत, हेही विसरता कामा नये. विश्वस्तांना इमारतीचा खर्च आणि ताळेबंद उत्तम कळतो. परंतु शिक्षकाची मुलाखत घेताना काय विचारावे, तिसरीतील मूल वाचत का नाही, याचे उत्तर ताळेबंदात नसते. घरातीलच एखादी मुलगी वा मुलगा या शास्त्राचा जाणकार असेल, तर आजोबांनी दिलेल्या देणगीचे चीज होते.

म्हणून ही पदवी लग्नापर्यंतचा वेळ काढण्यासाठी घेऊ नये आणि देऊही नये. नियमाप्रमाणे बी.एड.मध्येच किमान वीस आठवडे शाळेत प्रत्यक्ष काम करावे लागते; चाळीस मुलांच्या वर्गात मन नसलेला माणूस तेथे टिकत नाही. यंदा निकाल लागल्यावर या शास्त्राची ओढ असलेल्या पाल्याला एक महिना गावातील बालवाडीत किंवा पाठशाळेत मदत करू द्यावी. महिन्याअखेरीस तो थकून परत आला आणि तरीही एखाद्या मुलाविषयी उत्साहाने सांगू लागला, तर घरच्यांनी निःशंक मनाने प्रवेश अर्ज भरावा.