अल्पभूधारक शेतकरी आणि जुन्या छोट्या ट्रॅक्टरची निवड : द्राक्षबागेच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील शेतीच्या यांत्रिकीकरणाचा विचार करताना जमीनधारणेचा प्रश्न टाळता येत नाही. कृषी गणनेनुसार राज्यातील सरासरी जमीनधारणा १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होती; २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरपर्यंत खाली आली. जमिनीचे तुकडे होत गेले, त्याच काळात बैलजोडी सांभाळणेही वैरण व मजुरी यांमुळे अवघड होत गेले. चाळीस-पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर अशा शेतकऱ्याच्या आवाक्यात नसतो आणि द्राक्षबागेच्या दोन ओळींमध्ये तो नीट मावतही नाही. या दोहोंमधील पोकळी पंधरा ते तीस अश्वशक्तीच्या छोट्या ट्रॅक्टरने भरून काढली आहे.

असा नवा ट्रॅक्टर सर्वांना परवडत नसल्यामुळे जुना घेण्याकडे कल असतो. मात्र बैल घेताना दात, खांदा व चाल पाहणारा आपला शेतकरी ट्रॅक्टर घेताना बहुधा रंग आणि टायर पाहतो. महाविद्यालयीन प्राध्यापकांपैकी अनेकांची गावाकडे शेती असून अशा खरेदीत घरचा शिकलेला माणूस म्हणून त्यांनाच पुढे केले जाते. या अनुषंगाने जुन्या छोट्या ट्रॅक्टरच्या निवडीचे निकष स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

गरजेचे मोजमाप :

ट्रॅक्टर पाहण्यापूर्वी त्याच्यामागे कोणते अवजार चालणार, हे ठरविणे आवश्यक असते. द्राक्षबागेत सर्वांत जड काम नांगरणीचे नसून ब्लोअरचे असते. ब्लोअर ट्रॅक्टरच्या मागील पी.टी.ओ. शाफ्टवर चालतो आणि त्या शाफ्टची प्रमाणित गती मिनिटाला ५४० फेरे इतकी असते. इंजिनाची जाहिरातीतील अश्वशक्ती शाफ्टपर्यंत पूर्ण पोहोचत नाही; ढोबळमानाने दहा ते पंधरा टक्के घट धरावी लागते. म्हणजे चोवीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरकडून ब्लोअरला वीस-एकवीसच मिळतात. पंधरा अश्वशक्तीचा, एका सिलिंडरचा महिंद्रा युवराज २१५ हा आंतरमशागतीस उपयुक्त ठरतो. परंतु मोठ्या पंख्याचा ब्लोअर त्याच्यामागे लावून चढावर नेण्याची अपेक्षा त्याच्याकडून करणे अन्यायाचे आहे. साडेअठरा अश्वशक्तीचा व्ही.एस.टी. शक्ती एम.टी. १८० डी आणि चोवीस अश्वशक्तीचा, चारही चाकांना गती असणारा कुबोटा बी २४४१ हे त्यापुढील टप्पे होत.

उचल क्षमतेचा विचार बहुधा राहून जातो. टाकीत ४०० लिटर पाणी म्हणजे ४०० किलो भार, त्यात ब्लोअरचे वजन वेगळे. मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्रे प्रशिक्षण व चाचणी संस्था ट्रॅक्टरच्या नमुन्यांची चाचणी करून अहवाल देते. त्यात पी.टी.ओ.वरील प्रत्यक्ष शक्ती, उचल क्षमता व इंधनाचा खप दिलेला असतो. विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा हा अहवाल वाचणे केव्हाही श्रेयस्कर.

आर्थिक बाजू :

स्वतःचा ट्रॅक्टर घ्यावा की भाड्याने काम करून घ्यावे, हा प्रश्न भावनेचा नसून तासांचा आहे. उदाहरणादाखल काही आकडे गृहीत धरू. जुना ट्रॅक्टर तीन लाखांस घेतला व सहा वर्षांनी एक लाख वीस हजारांस विकला, तर वार्षिक घसारा ३०,००० रुपये होतो. सरासरी मूल्यावर दहा टक्के व्याज २१,००० रुपये, विमा व निवारा ६,००० रुपये. एकूण स्थिर खर्च ५७,००० रुपये. डिझेल, वंगण व दुरुस्ती मिळून तासाला २५० रुपये आणि भाड्याचा दर तासाला ७०० रुपये धरल्यास प्रत्येक तासामागे ४५० रुपये वाचतात. म्हणजे वर्षाला सुमारे १२७ तास काम असेल तरच खर्च भरून निघतो. घरच्या चालकाची मजुरी व ब्लोअरची किंमत यात धरलेली नाही.

चार एकर कांदा-सोयाबीन करणाऱ्याची मशागत एकरी दोन तासांप्रमाणे वर्षातून चार वेळा धरली तरी ३२ तासांतच संपते. त्याने ट्रॅक्टर घेऊ नये, असे स्पष्ट म्हणावे लागेल. चार एकर द्राक्षबागेत मात्र एकरी पाऊण तासाप्रमाणे हंगामात चाळीस फवारण्या धरल्यास १२० तास होतात व मशागतीसह १५२. दोन एकरांच्या बागेत हा आकडा ७६ वर येतो आणि हिशोब पुन्हा तोट्याचा ठरतो. तथापि ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला की केवडा रोगाची फवारणी काही तासांत करावी लागते. त्याच दिवशी सगळ्या गावाला भाड्याचा ट्रॅक्टर हवा असतो. या जोखमीचे मोल वरील गणितात बसत नाही. ते ज्याचे त्याने ठरवावे.

आणखी एक बाब लक्षात घ्यावयास हवी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. साहजिकच त्यापूर्वीच्या नव्या किमतीशी तुलना करून सांगितलेला जुन्याचा भाव मान्य करण्याचे कारण नाही.

यंत्राची तपासणी :

पहिली अट अशी की, ट्रॅक्टर थंड असताना पाहावा. आपण पोहोचण्यापूर्वीच तो चालू करून ठेवलेला असल्यास इंजिनास हात लावून पाहावा व गरम असल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे. थंड इंजिन किती वेळात सुरू होते, यावरून बॅटरी, नोझल व कॉम्प्रेशन या तिन्हींची कल्पना येते. सुरू होताना क्षणभर पांढरा धूर येणे स्वाभाविक आहे. इंजिन तापल्यावरही निळसर धूर राहिला तर ऑइल जळत आहे असे समजावे. थोड्या भारावरही काळा धूर येत असेल तर नोझल, पंप किंवा एअर फिल्टर यांत दोष संभवतो. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण काढून पाहावे. तेथून जोराने धूर बाहेर पडत असल्यास पिस्टन रिंगा व लायनर झिजलेले असतात. ऑइल दुधट दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे. अशा वेळी पुढे बोलणी करू नयेत.

तासांच्या मीटरवर कितपत विश्वास ठेवावा, हा वादाचा विषय आहे. मीटर बंद ठेवता येतो, बदलताही येतो. शिवाय जुन्या यांत्रिक मीटरमधील तास हा इंजिनाच्या फेऱ्यांवर मोजला जातो. संथ चालणाऱ्या इंजिनाचा मीटर संथच पुढे सरकतो. त्यामुळे साक्षीपुरावा अन्यत्र शोधावा लागतो. क्लच व ब्रेकच्या पायपट्ट्यांची झीज, सीटखालील पत्रा, स्टिअरिंगमधील ढिलेपणा आणि विशेषतः पी.टी.ओ. शाफ्टच्या खाचा पाहाव्यात. मीटर ९०० तास दाखवीत असेल आणि शाफ्टच्या खाचा धारदार व पातळ झालेल्या असतील, तर मीटरपेक्षा खाचा खऱ्या मानाव्यात.

द्राक्षबागेतून आलेल्या ट्रॅक्टरची एक स्वतंत्र व्याधी असते. बोर्डो मिश्रणासारख्या ताम्रयुक्त औषधांचे तुषार वर्षानुवर्षे मागील भागावर बसून पत्रा, नटबोल्ट व विजेच्या तारांचे जोड गंजतात. नवा रंग दिलेला असेल तर मडगार्डच्या आतल्या बाजूस बोट फिरवून पाहावे. रंगारी तेथपर्यंत क्वचितच पोहोचतो. भातखाचरात चिखलणी केलेल्या ट्रॅक्टरमध्ये हीच दक्षता चाकांच्या ऑइल सीलबाबत घ्यावी लागते.

हायड्रॉलिकची परीक्षा रिकाम्या उचलीने होत नाही. पाणी भरलेला ब्लोअर किंवा रोटाव्हेटर उचलावा, इंजिन बंद करावे व पंधरा मिनिटे थांबावे. या अवधीत अवजार बरेच खाली आले तर सील किंवा व्हॉल्व्ह गळत आहे.

चारही चाकांना गती असणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये टायरचा प्रश्न केवळ नक्षीचा राहत नाही. पुढील व मागील चाकांच्या फेऱ्यांचे प्रमाण गिअरमध्ये कायमचे ठरलेले असते. मालकाने स्वस्तात मिळाले म्हणून पुढे वेगळ्या मापाचे टायर बसविले असतील, तर पुढची व मागची चाके एकमेकांशी झगडत राहतात आणि तो ताण गिअरपेटीवर पडतो. कडक जमिनीवर थोडे अंतर चालवून पुढील चाकांचा दांडा सोडवून पाहावा. तो अडकून बसत असेल तर टायरचे माप तपासल्याशिवाय व्यवहार करू नये, कारण या पेटीची दुरुस्ती इंजिनापेक्षा स्वस्त पडेलच असे नाही.

कागदपत्रे :

शेतकऱ्यांच्या बोलण्यात ‘एच.पी.’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक अश्वशक्ती, दुसरा आर.सी. बुकावर चढलेला कर्जाचा बोजा. पहिल्याची चौकशी सर्व जण करतात. प्रस्तुत लेखकाच्या वडिलांनी २०१३ साली निफाड तालुक्यात एक जुना ट्रॅक्टर शंभर रुपयांच्या स्टँप पेपरवर खरेदी केला. यंत्र उत्तम होते. मूळ मालकाचे हप्ते थकलेले होते, हे आम्हांस नोव्हेंबरमध्ये अर्थपुरवठा करणाऱ्या संस्थेची माणसे ट्रॅक्टर घेऊन गेली तेव्हा कळले. बागेत केवडा दिसू लागला होता. पाठीवरचा पंप घेऊन वडील व काका यांनी तीन एकरांवर फवारणी केली. त्या वर्षी अर्ध्याहून अधिक घड हातचे गेले. ट्रॅक्टरसाठी दिलेली रक्कमही परत मिळाली नाही.

म्हणून इंजिनाकडे वळण्यापूर्वी आर.सी. बुक पाहावे व त्यावरील इंजिन व चासी क्रमांक प्रत्यक्ष यंत्रावरील क्रमांकांशी ताडून घ्यावेत. बोजा असल्यास कर्ज देणाऱ्या संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र व तिची सही असलेला नमुना ३५, हस्तांतरासाठी नमुना २९ व ३० आणि दुसऱ्या राज्यातील ट्रॅक्टर असल्यास नमुना २८ लागतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यांतर्गत विक्रीत विक्रेत्याने १४ दिवसांत व खरेदीदाराने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकरणास कळवावयाचे असते. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षांसाठी असते; त्यापुढील ट्रॅक्टर घेताना नूतनीकरण झाले आहे काय, ते पाहावे. शासकीय अनुदानातून घेतलेला ट्रॅक्टर असल्यास त्याच्या विक्रीवर काही अट आहे काय, हे विक्रेत्याजवळील मंजुरीच्या कागदांवरून तपासावे.

नाव न बदलण्यात विक्रेत्याचाही धोका आहे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी असा निर्णय दिला की, वाहन प्रत्यक्षात कितीही हातांतून गेले असले तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक ठरतो. टाळाटाळ करणाऱ्या विक्रेत्यास हा निर्णय समजावून सांगितला, तर तो बहुधा स्वतःच परिवहन कार्यालयात यावयास तयार होतो. विसार म्हणून थोडी रक्कम द्यावी आणि उर्वरित रक्कम बोजा उतरल्याची नोंद आर.सी. बुकावर झाल्यानंतर, बँकेमार्फतच अदा करावी.