पोवळ्यांना चुना कसा पुरवावा?

चुना म्हटला की आपल्याला पानाची चंची आठवते, नाहीतर दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास चुन्याचा हात फिरवलेली भिंत आठवते. कोकणातल्या मंडळींना शिंपल्यांची भट्टी आठवेल. आणि एखाद्याला 'चुना लावणे' हा वाक्प्रचारही आठवेल! पण समुद्रात एक जीव असा आहे की, त्याचा सारा संसारच चुन्याच्या घरात चालतो. तो जीव म्हणजे पोवळे, ज्याला ग्रंथात प्रवाळ म्हणतात.

पोवळ्याचा एकेक जीव बहुधा ज्वारीच्या दाण्याएवढा, मऊ आणि दुबळा. पण तो समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन स्वतःच्या बुडाखाली दगडी वाटी बांधतो. ही वाटी कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे आपल्या चुनखडीच्याच जातीची. अशा वाट्यांवर वाट्या रचत पिढ्यान् पिढ्या गेल्या आणि ऑस्ट्रेलियाजवळ दोन हजार किलोमीटरांहून लांब अशी प्रवाळांची रांग उभी राहिली. फार लांब कशाला, आपल्या मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासही प्रवाळ आहेत.

जर्मनी, अमेरिका वगैरे देशांत काही हौशी लोक हे प्रवाळ काचेच्या टाकीत वाढवतात. समुद्रात कॅल्शियमला तोटा नाही. टाकीत मात्र तेच ते पाणी. त्यातला चुना पोवळी रोज ओढून घेतात आणि तो कोणीतरी भरून द्यावा लागतो. तो कसा भरावा, यासाठी कोणती रीत निवडावी, हा आजचा आपला विषय.

तुम्ही म्हणाल, "आमच्या गावात विहिरीला पाणी नाही आणि हे गृहस्थ काचेच्या टाकीतल्या समुद्राच्या गोष्टी सांगताहेत!" खरे आहे. शिवाय आपल्याकडे समुद्रातून पोवळे उचलणे हा गुन्हा आहे, हेही सांगून ठेवतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळांचा समावेश झाला. वाघाला जे संरक्षण, तेच पोवळ्याला. तेव्हा तुम्ही टाकी मांडावी म्हणून मी हे सांगत नाही. या टाकीमागचे रसायनशास्त्र आपल्या शाळेतल्या चुन्याच्या निवळीत आहे आणि निवड करण्याची रीत शेतकऱ्याच्या ओळखीची आहे, म्हणून सांगतो. मातीचे परीक्षण केल्यावाचून खताचे पोते फोडू नये, हे आपण ऐकतो ना? तसेच हे आहे.

आधी जमाखर्च पाहू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत कॅल्शियम साधारण ४२० मिलिग्रॅम. दुसरी जिन्नस म्हणजे पाण्यातल्या बायकार्बोनेट आणि कार्बोनेटांची शिल्लक. अम्ल टाकले असता ते पचवण्याची पाण्याची जी ताकद, तिला अल्कता म्हणू. शाळेत आपण ब्युरेटमधून अम्लाचे थेंब सोडून रंग पालटताना पाहतो, तशीच ती मोजतात. जर्मन मापाने समुद्राच्या पाण्याची अल्कता सुमारे ७ अंश भरते.

आता गंमत पाहा. पोवळे वाटी बांधते तेव्हा या दोन्ही जिनसा ठरलेल्या प्रमाणात खर्च होतात. अल्कता १ अंश उतरली, तर लिटरमागे कॅल्शियम ७ मिलिग्रॅमच उतरते. म्हणजे सातही अंश संपेपर्यंत कॅल्शियमचे जेमतेम ५० मिलिग्रॅम जातील. पंगतीसाठी ४२० पत्रावळी आणल्या आणि द्रोण आणले ५०, तर पाने किती मांडता येतील? पन्नासच. नवखा हौशी माणूस नेमका इथे फसतो. कॅल्शियम ४०० च्या वर आहे म्हणून तो निर्धास्त राहतो, आणि इकडे अल्कता घसरून पोवळ्याची वाढ थांबलेली असते. म्हणून रोजची नजर ठेवायची ती अल्कतेवर.

आता शिक्षक बंधुभगिनींनो, एक पेला घ्या. त्यात चुन्याची निवळी आणि तितकेच साधे स्वच्छ पाणी घाला. नळीने त्यात फुंका. निवळी दुधासारखी होते. श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने कॅल्शियम कार्बोनेटचा साका तयार होतो. मुले इथे टाळ्या वाजवतात आणि आपण प्रयोग संपवतो. तो संपवू नका. चिकाटीने फुंकत राहा. काही वेळाने ते दूध पुन्हा निवळू लागते, कारण जादा वायूने साक्याचे विरघळणारे बायकार्बोनेट बनते. (मुलांना निवळी तोंडात ओढू देऊ नका, डोळ्यांनाही जपा.) या एका पेल्यात आपल्या पहिल्या दोन रीती आल्या आहेत.

पहिली रीत निवळीची. जर्मन भाषेत चुन्याच्या निवळीला 'काल्कवासर' म्हणतात आणि हाच शब्द या छंदात जगभर रूढ झाला आहे. १९७० च्या दशकात पीटर विल्केन्स यांनी ही रीत लोकप्रिय केली. शुद्ध विरीचा चुना शुद्ध पाण्यात ढवळायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची नितळ निवळी थेंबथेंब टाकीत सोडायची. भिंतीचा चुना इथे चालत नाही, त्यात नाना भेसळी असतात. एक लिटर पाण्यात चुना विरघळतो तो पावणेदोन ग्रॅमांच्या आतच, आणि नवल म्हणजे पाणी तापवले तर आणखी कमी! अशा एका लिटरात कॅल्शियम सुमारे ८०० मिलिग्रॅम मिळते आणि अल्कताही बरोबर त्याच्या जोडीची मिळते. पत्रावळीबरोबर द्रोण! मागे कोणताही परका क्षार उरत नाही आणि खर्चही थोडा.

मग अडचण कोणती? टाकीतून वाफ होऊन जेवढे पाणी उडते, तेवढीच निवळी घालता येते. त्याहून जास्त घातली तर पाण्याचा खारेपणा मोडतो. दुसरे म्हणजे निवळी फार दाहक असते. तिचा पीएच साडेबाराच्या घरात, तर समुद्राचा ८.१ च्या आसपास. रात्री उजेड नसल्यामुळे टाकीत कार्बन डायऑक्साइड साचतो आणि पीएच उतरतो, म्हणून निवळी रात्री हळूहळू सोडणे सोयीचे. पण थेंब सोडणारी तोटी एखाद्या रात्री अडकून उघडीच राहिली, तर सकाळी टाकी दुधाळ झालेली दिसते आणि वर्षानुवर्षे वाढवलेले जीव मरून पडलेले असतात. जे पोसते तेच प्रमाणाबाहेर गेले की मारते.

दुसरी रीत पेल्यातल्या उत्तरार्धाची. एका बंद नळकांड्यात जुन्या प्रवाळांची खडी किंवा तसलाच चुनखडीचा दगड भरतात. त्यातून टाकीचे पाणी फिरवतात आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडतात. आतला पीएच साडेसहाच्या आसपास आला की खडी विरघळू लागते आणि कॅल्शियम-अल्कतेची जोडी टाकीत परत येते. ही रीत अखंड चालते, वाफेची मर्यादा तिला नाही. पण वायूचा सिलिंडर, दाब आवरणारी कळ, पंप अशी सामग्री लागते, आणि उरलेला वायू टाकीत जाऊन तिथला पीएच खाली ओढतो. म्हणून ती शोभते मोठ्या टाकीला. कित्येक जण तिच्या जोडीला थोडी निवळी देऊन पीएच सावरतात.

तिसरी रीत दोन बाटल्यांची. एकीत कॅल्शियम क्लोराइडचे पाणी, दुसरीत खायच्या सोड्याचे, म्हणजे सोडियम बायकार्बोनेटचे. दोन्ही बाटल्या कधीही एकत्र ओतायच्या नाहीत. ओतल्या की तिथल्या तिथे साका! एक आता, तर दुसरी काही वेळाने, वाहत्या पाण्यात. इथे हवे तेवढे मोजून देता येते, म्हणून लहान-मध्यम टाकीवाल्यांना ही आवडते. पण हिशेब करा: कॅल्शियम आणि कार्बोनेट पोवळ्याने घेतले, मागे काय उरले? सोडियम आणि क्लोराइड, म्हणजे आपले मीठ. ते साचत जाते. यावर उपाय म्हणून मीठ सोडून समुद्रातले बाकीचे क्षार असलेले तिसरे मिश्रण देतात. ही सुधारणा जर्मनीच्या हान्स-वेर्नर बालिंग यांच्या नावाने ओळखली जाते.

"एवढी यातायात कशाला? थोडे थोडे पाणी बदलावे!" असेही कोणी म्हणेल. पण दहावा भाग पाणी बदलले, तर तुटीचाही दहावाच भाग भरून निघतो. दगडी पोवळी थोडी असतील, तोवरच ते भागते.

आता निवड. समजा, टाकी २०० लिटरची आहे आणि रोज २ लिटर पाणी उडते. वरून काही न घालता सोमवारी सकाळी अल्कता मोजली, ती ८ अंश भरली. बुधवारी त्याच वेळी ती ७ भरली. म्हणजे रोजचा खर्च अर्धा अंश. त्याच्या जोडीचे कॅल्शियम लिटरमागे साडेतीन मिलिग्रॅम, साऱ्या टाकीला सुमारे ७०० मिलिग्रॅम. ते लिटरभराहून कमी निवळीत मिळते आणि जागा तर दोन लिटरांची आहे. झाले, निवळी पुरे. पुढे पोवळी वाढली आणि रोजचा खर्च २ अंशांवर गेला, तर साडेतीन लिटर निवळी लागेल. ती मावणार नाही. मग दोन बाटल्यांकडे वळावे. टाकी हजारो लिटरांची आणि पोवळ्यांनी गच्च भरलेली असेल, तर नळकांड्याचा खर्च परवडतो.

कोणतीही रीत घ्या, दोन पथ्ये पाळावीच लागतात. चुकलेली अल्कता एका दिवसात एका अंशाहून जास्त चढवू नये. आणि मॅग्नेशियम लिटरमागे १,३०० मिलिग्रॅमच्या आसपास आहे ना, तेही पाहावे. कारण ते कमी पडले की चुना पोवळ्यात जाण्याऐवजी काचेवर आणि पंपावर बसतो.

शेवटी त्या पेल्याकडे पुन्हा एकदा बघा. आपण फुंकत राहिलो आणि दूध निवळले. कारखाने, मोटारी, कोळसा यांतून माणूस जो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्याचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र गिळतो. उद्योगयुगापूर्वी समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच ८.२ च्या आसपास होता, तो ८.१ च्या आसपास आला आहे. आकडा लहान दिसतो, पण पोवळ्याला दगडी वाटी बांधणे त्यामुळे जड जाते. टाकीतल्या पोवळ्याला निवळी द्यायला मालक आहे. मालवणच्या पोवळ्याला निवळी कोण देणार? तिथे एकच उपाय, आपणच फुंकणे कमी करायचे.

पुढच्या वेळी वर्गात निवळीचा प्रयोग कराल, तेव्हा साका दिसला म्हणून थांबू नका. उरलेली फुंकर मुलांना पाहू द्या, आणि मग मालवणची गोष्ट सांगा.