पाणी उतरल्यावर

ऐन मे महिन्यात पानशेतपर्यंत सायकलनं जाणार, असं मी जाहीर केलं, तेव्हा सौ. एवढंच म्हणाली, "मुदत ठेवींच्या पावत्या कुठे ठेवल्यात, ते सांगून जा." बँकवाल्याच्या घरात विनोदसुद्धा असेच व्हायचे.

पहाटे साडेपाचला निघालो. खडकवासल्याच्या भिंतीपाशी पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. १२ जुलै १९६१ला वरचं पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्यापुढे ही भिंतही टिकली नाही आणि पुण्यात हाहाकार झाला. मी तेव्हा पाळण्यात होतो. पण आईनं तो पूर इतक्यांदा सांगितला, की मी तो पाहिलाच आहे असं आजही वाटतं.

पुढे रस्ता पाण्याच्या कडेकडेनं जातो. सिंहगडाचा फाटा डावीकडे सुटला, उजवीकडे पाणी. घाई नव्हती. चढ आला की उतरायचं आणि सायकल हातात धरून चालायचं. या वयात त्याची लाज वाटत नाही. खानापूरला चहा झाला. पुढे एका मावशींकडून करवंदं घेतली. "एवढ्या उन्हाचं कशापायी वं?" त्यांनी विचारलं. मला उत्तर सुचलं नाही.

खरं तर होतं.

पानशेतला पाणी खूप खाली गेलं होतं. काठ पायऱ्यापायऱ्यांनी उघडे पडलेले, मधे भेगाळलेला गाळ. आंब्याच्या सावलीत डबा उघडून मी त्या उघड्या जमिनीकडे बघत बसलो. इथेच कुठेतरी त्याचं गाव असणार.

साल १९८७. दौंड तालुक्यातल्या एका शाखेत मी शेतीकर्जं बघत होतो. पन्नाशीचा एक शेतकरी बैलजोडीसाठी कर्ज मागायला आला. गाव पानशेतच्या पाण्याखाली गेलेलं, बदल्यात दौंडकडे जमीन मिळालेली. पण पंचवीस वर्षं उलटली तरी फेरफार अडकलेला, सातबाऱ्यावर नाव नाही. नाव नाही म्हणून तारण नाही. मी अर्ज नामंजूर केला. नियमानं ते बरोबरच होतं, कोणत्याही तपासणीत कुणी बोट ठेवलं नसतं. कागद घडी करून बंडीच्या खिशात ठेवताना तो म्हणाला, "साहेब, कालव्याला येतंय ते माझ्या गावावरचंच पाणी. ते मला वळखतं. तुमचा कागूद न्हाई वळखत."

त्यावर मी त्याला चहासुद्धा विचारला नाही. रांग होती, हे कारण मी इतकी वर्षं स्वतःला देत आलो. रांगेत दोनच माणसं होती.

ऊन कलल्यावर गाळात उतरलो. एके ठिकाणी गाळपेराची वेलं लावलेली, दोन पोरं डबड्यानं पाणी घालत होती. त्यांना उरलेली करवंदं दिली. "आजोबा, सायकल फिरवू का?" थोरल्यानं विचारलं. दिली. दांड्याखालून पाय घालून त्यानं काठावर दोन फेऱ्या मारल्या.

परतताना खडकवासल्याला उजवा कालवा निघतो तिथे थांबलो. उन्हाळी आवर्तन सुरू होतं. हडपसरवरून दौंड, पुढे इंदापूर, लांबचा पल्ला. तो शेतकरी आता नसेल. जमीन त्याच्या नावावर झाली की नाही, ते मी बदली होईपर्यंत दोन वर्षं त्याच शाखेत असून विचारलं नव्हतं.

अंधार पडताना घरी पोचलो. "करवंदं कुठायत?" सौ.नं विचारलं.